नंबर तोच हाय

माझं नाव कौसाबाई, पण कँटीनमधी मला समदे मावशीच म्हणतात, तर तुम्ही बी मावशीच म्हणा ताई, कौसाबाई म्हणलं की बँकेच्या लायनीत उभी असल्यावानी वाटतं मला. माहेर माझं लासूर स्टेशनच्या अंगाला, गावाचं नाव नका लिहू, बाप बाजारात हमाली करायचा, कांद्याच्या दिवसात घरी आला की त्याच्या सदऱ्याला, हाताला, केसाला बी कांद्याचाच वास, आन् आम्ही बहिणीच बहिणी, आईला पोरगा झालाच नाय. लोक च्यक च्यक करायचे. बाप म्हणायचा माझ्या पोरी हायेत, तुमच्या दारात जेवायला येत्यात का? असा बाप व्हता माझा. शाळा म्हणाल तर नावालाच, पण वाचता येतं, आकडे येतात, मोबाईल चालवता येतो, आन् कोणी फसवायला आलं तर हुसकून लावता येतं, अजून काय पाहिजे बाईमाणसाला.

लग्न करून मुकुंदवाडीत आले. स्टेशनच्या मागं एक खोली, गाडी गेली की मांडणीवरचे डबे वाजायचे, पहिल्या पहिल्यांदा मी दचकायची, मंग सवय झाली, नंतर नंतर तर गाडी लेट झाली की मीच म्हणायची आज डबे कामून नाय वाजले. हे शेंद्र्याला कंपनीत मशीनवर. माणूस वाईट नाय हां, ते आदीच सांगते, कारण पुढं मी त्यांना बोलणार हाय. दारू नाय, पत्ते नाय, कोणाच्या अध्यात नाय मध्यात नाय. फक्त बोलायचं म्हणलं की जिवावर येतं. सकाळी विचारलं भाजी कशाची करू तर संध्याकाळी उत्तर येणार, वांग्याची. तोवर मेथी शिजून संपलेली असती.

पोरगी एकच, ज्योती. तिला हे माय म्हणायचे. ए माय पाणी आण, ए माय आज कॉलेज नाय का. आमच्याकडं बाप पोरीला माय म्हणतोच, त्यात नवल नाय, पण ह्या माणसाच्या तोंडून दिवसभरात जेवढे शब्द निघायचे त्यातले निम्मे तेच असायचे ताई. ती बोलायची आन् हे ऐकायचे. रविवारी बापाच्या डोक्याला तेल लावीत बसायची आन् हप्त्याभराच्या समद्या गमतीजमती सांगायची, हे डोळे मिटून हसायचे. मी म्हणायची, मला एवढ्या वर्सात असं हसून नाय दाखवलं. तर तेव्हा बी काय बोलायचे नाय, अजून हसायचे.

बारावी झाली आन् ती कपड्याच्या दुकानात कामाला लागली. पहिल्या पगारात फोन घेतला, हा, हा पहा, हाच. मागं हे मोराचं पीस चिकटवलंय ते तिनंच. काच जरा तडकलीय पण चालतो चांगला. आन् मंग त्या दुकानातच एक पोरगं व्हतं. आपल्यातलं नव्हतं. कोण व्हतं ते नका विचारू, कोणाचं कोण ते लिहिलं की लोक तेवढंच वाचतात. पोरगं चांगलं व्हतं, एकदा घरी आलं व्हतं, चपला बाहेर काढून आलं, माझ्या हातचं पाणी पिऊन ग्लास स्वतः विसळून ठेवला, मी तेव्हाच मनात म्हणलं अगं बया, हे काय साधं प्रकरण नाय. पण बोलले नाय. बोलायला पाहिजे व्हतं का नको व्हतं, अजून कळत नाय मला.

एक दिवस कामावर गेली ती आलीच नाय. फोन पिठाच्या डब्यावर ठेवून गेली, आतलं तिचं सिम काढून नेलं. संध्याकाळी मला कोणाच्या तरी फोनवरून फोन, आई, आम्ही लग्न केलं, मी बरी हाय, शोधू नका. बास. माझे मोठे दीर गावाकडून आले, त्यांची पोरं आली, नको नको ते बोलले, सापडली तर सोडणार नाय म्हणले. आन् ह्यांच्यापुढं उभे ऱ्हाऊन म्हणले, आता तिच्या नावानं आंघोळ कर. माणूस मेल्यावर करतात तशी. ताई, मला वाटलं हे नाय म्हणतील. आयुष्यात कोणाला कधी नाय म्हणले नाहीत, पण आज म्हणतील. तर उठले, बाहेरच्या नळाखाली बसले, कपड्यासगट, आन् भावानं बादली वतली अंगावर. समदी गल्ली बघत व्हती. ओल्या कपड्यानं आत आले आन् भिंतीकडं तोंड करून झोपले. त्या दिवसापासून घरात माय हा शब्द संपला.

आता माझं कसं, माझ्याकडं बटणाचा फोन व्हता, तो कणकेच्या परातीत पडून पडून खराब झालेला, मंग मी माझं सिम काढून ज्योतीच्या फोनमधी टाकलं. ह्यांनी फोन पाहिला का नाय ते बी कळू दिलं नाय. आन् थोड्या दिसांनी तिचा फोन आला. कोणाच्या तरी फोनवरून. म्हणली, आई, जुना नंबर मी बंद केला, आता नवा हाय पण तो तुझ्याकडं दिसायला नको, काकांनी तुझा फोन हातात घेतला तर? म्हणून मी असा माणसांकडून मागून मागून करीन, तू उलटा करू नको. आन् आबांना, म्हणजे ह्यांना, कळू देऊ नको, आबांना कळलं की काकांना कळंल. मी म्हणलं नाय कळणार. तिला माझा नंबर पाठ, ल्हानपणी मीच पाठ करून घेतला व्हता, हरवली बिरवली तर असावा म्हणून. म्हणजे बघा.

तर असं चाललं. कधी दुकानदाराचा फोन, कधी शेजारणीचा, कधी बसमधल्या बाईचा. मी गच्चीवर जाऊन बोलायची, वाळवण बघायच्या निमितानं. वाळवण नसलं तरी. बोलणं झालं की तो नंबर लगेच पुसून टाकायची, दिरांच्या हाती लागायला नको. आन् मंग एका फोनला म्हणली, आई मला दिवस गेलेत. मी तिथंच बसले पाण्याच्या टाकीला टेकून. काय खाती, काय करती, कोणी बघायला हाय का, नाय, सासू नाय तिला, दोघंच. म्हणली, झालं की पहिला फोन तुलाच करीन, नाव बी तूच ठेव. मी म्हणलं कर, मी बसलेलीच हाय.

आन् नेमकं तेव्हाच आमचं बिऱ्हाड हाललं. ह्यांचे गुडघे गेले, मशीनवर उभं ऱ्हावंना, तर इकडं शेंद्र्याच्या अंगाला एका गोदामाची राखण मिळाली, संगं ऱ्हायला खोली. मला बी जवळच कँटीनमधी चपात्या लाटायचं काम लागलं. समदं चांगलं झालं म्हणा ना. फक्त ह्या खोलीत माझ्या सिमला रेंज नाय! चारी बाजूनं पत्र्याची मोठमोठी शेडं, आन् माझ्या कंपनीचा टॉवर कुठं मेला काय माहीत. कँटीनमधी बी नाय. रस्त्यावर त्या लिंबाच्या झाडाखाली गेलं तर एक काडी यायची, ती बी लपंडाव खेळायची. शेजारच्या गेटवरचा वॉचमन म्हणायचा, मावशी ती कंपनी इथं चालतच नाय, माझी घ्या, बघा कशी फुल दाखवती. आन् मला धसकाच बसला. पोरीचे दिवस भरत आलेले. ती दवाखान्यातून फोन लावंल आन् बाई बोलंल, आपण डायल केलेला नंबर संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. लेकरू झाल्यावर पहिला आवाज तिला त्या बाईचा ऐकू यायचा.

मंग कामावरून सुटलं की मी लिंबाखाली जाऊन उभी ऱ्हायची. लोक बघायचे, ही बाई रोज रिक्षाची वाट बघती आन् रिक्षात काय बसत नाय. कितीक दिवस उभी ऱ्हाणार, पाय दुखायचे.

चौकातल्या एका मोबाईलवाल्याकडं गेले. म्हणलं कंपनी बदलून दे, नंबर हाच ठेव. त्यानं फोन उलटासुलटा केला, म्हणला मावशी हा डबा झाला, ह्याच्यात नव्या कंपनीचं सिम चालणार नाय, हा नवीन फोन घ्या, संगं सिम फुकट. मी म्हणलं तुझं फुकट तुझ्या घरी ठेव, फोन हाच ऱ्हाणार. म्हणला मंग नवीन नंबर घ्या, काय फरक पडतो, चार लोकांला कळवून टाकायचं. काय सांगू तुम्हाला ताई, मला त्याच्या दुकानातच रडू आलं. ज्याला कळवायचं त्याचाच तर पत्ता नाय!

तिथून मी थेट मुकुंदवाडी गाठली. तिथं शबाना म्हणून पोरगी हाय, बापाचं मोबाईलचं दुकान आता तीच चालवती, ज्योतीच्याच वयाची, ह्या फोनचं कव्हर ज्योतीनं तिच्याकडूनच घेतलेलं. तिनं काय केलं, स्वतःच्या फोनमधलं सिम काढलं, माझ्या फोनमधी घातलं. दोन मिनिटात रेंज. म्हणली, कोण बोला चलता नहीं करके? मावशी, तुमच्या फोनला लॉक नाय कोणत्या कंपनीचं, उघडा हाय, कोणतं बी सिम टाका. मी विचारलं, त्यातले ज्योतीचे फोटो जातील का? ती हसली, फोटो फोनमधी असतात मावशी, सिममधी नसतात, कुच्छ नहीं होता. एवढा जीव भांड्यात पडला माझा. मंग तिनं मेसेज पाठवायला लावला, त्याचा एक कोड आला, म्हणली हा कोड थोडेच दिवस चालतो हां, आधार द्या. मी दिलं. तिनं पाहिलं आन् म्हणली, मावशी हे सिम तुमच्या नावावर नाय ना.

आता नाय ते नायच. आमच्यात बाईच्या नावावर सिम कोण घेतं? ह्यांनीच आणलं व्हतं तेव्हा, ह्यांच्याच आधारवर. गॅस ह्यांच्या नावावर, लाईट ह्यांच्या नावावर, तसा माझा नंबर बी ह्यांच्या नावावर. मला कधी वाटलंच नाय त्यात काय हाय म्हणून. मी म्हणलं आधार घेऊन येते त्यांचं. तर म्हणली, आधार नाय, काकाच पाहिजेत, त्यांचा फोटो काढावा लागतो इथं समोर. मी लई विनवलं. ती तरी काय करंल, तिच्या हातात नाय ते.

घरी आले, खोटं बोलले. म्हणलं कँटीनच्या सुपरवायझरचे फोन लागत नाहीत मला, कामावरून काढतील, चला जरा मुकुंदवाडीला. हे म्हणले, नवीन नंबर घे. मी म्हणलं जुना समद्यांकडं हाय. कोणाकडं हाय, म्हणले. मी चुलीकडं वळले. रोज विचारायची, रोज तेच, नवीन घे. त्यात तो कोड बी संपला. आन् एका संध्याकाळी मी भाकरी करता करता तवा असा आपटला खाली की दारातलं कुत्रं उठून पळालं, आन् बोलून गेले, तुम्ही तिच्या नावानं आंघोळ केली, मी नाय केली! लेकराला जन्म देऊ राहिली ती कुठंतरी, तिला हा एकच नंबर पाठ हाय, तो बी मारून टाका आता, घाला आणखीन एक बादली अंगावर!

 वाटलं आता हे भावाला फोन लावतात. तर हे ताटावरून उठले, हात धुतला, बाहेर जाऊन गेटच्या खुर्चीत बसले. भाकरी तशीच. सकाळी मी डबा भरत व्हते तर दारात उभे ऱ्हाऊन म्हणले, माझं आधार कुठं ठेवलंय.

रिक्षा करून मुकुंदवाडी गाठली. दुकानात शबानानं कोड नव्यानं मागवला, ह्यांना स्टुलावर बसवलं, म्हणली काका, दुसरा एक नंबर सांगा, तर ह्यांनी स्वतःचा सांगितला. मंग तिनं तिचा फोन समोर धरला, म्हणली काका हिलो नको, इथं बघा, आता डोळे मिचकवा, जित्या माणसाचाच फोटो लागतो त्याला. ह्यांनी डोळे मिचकावले आन् पाणी आलं. ती म्हणली परत काका, नाय घेतला. परत मिचकावले, तर अजून आलं. आता तर थांबंना. शबाना माझ्याकडं बघू राहिली, मी पदर पुढं केला. आन् हे तिला म्हणतात, कुठं बघू माय?

ताई, तो शब्द मी किती दिसांनी ऐकला. त्या पोरीला काय माहीत, ती म्हणली इथं काका, ह्या गोलात. आन् फोटो निघाला एकदाचा, लाल लाल डोळ्यांचा.

समदं झालं, नवीन सिम हातात दिलं, म्हणली एक-दोन दिवसात जुन्याची रेंज जाईल, मंग हे टाका. मी उठले. हे उठंनात. म्हणले, जुनं बंद पडलं आन् नवीन सुरू व्हायचंय, त्या मधल्या टायमात कोणाचा फोन आला तर कसं? शबाना म्हणली, थोडा वेळ फोन नाय लागणार काका, परत करतीलच ना ते. हे म्हणले, नाय केला तर? दुकानाच्या पायऱ्या उतरताना मी त्यांना म्हणलं, तुम्हाला माहीत व्हतं का तिचे फोन येतात ते. तर म्हणले, तुझा रिचार्ज संपायच्या आदी मी कामून मारत व्हतो? मला वाटायचं सवयच हाय त्यांची.

लिंबाखालची काडी बी गेली, जुनं सिम बंद पडलं, त्या दिवशी दोघं बी जेवलो नाहीत. सिम ह्यांनीच बदललं, टाचणीनं ती ल्हानी खिडकी उघडून, चष्मा लावून. आन् ह्या खोलीत, इथं चुलीपाशी, काड्याच काड्या! दाराला, मोरीत, समदीकडं. मी फोन घेऊन खोलीभर फिरले येड्यावानी. नंबर तोच, फोन तोच, आता फक्त तिचा यायचा बाकी.

तेव्हापासून हा माणूसच बदलला. फोन चार्जिंगला लावायचा ह्यांनी. अनोळखी नंबर आला की गुडघे धरत पळत आणून द्यायचे मला, घे घे. आन् तिकडून कोणी म्हणायचं कर्ज पाहिजे का, कोणी म्हणायचं तुम्हाला बक्षीस लागलंय, मुडदा बशिवला त्यांचा! मी शिव्या द्यायची, हे म्हणायचे नको देऊ, तेवढ्यात तिचा लागायचा नाय.

आन् मंग तो दिवस. मी बाहेर नळावर कपडे धूत व्हते. फोन आत चार्जिंगला. वाजला, मला पाण्याच्या आवाजात ऐकू आला नाय. ह्यांना आला. दरवेळी मला आणून देतात, त्या दिवशी काय झालं देव जाणे, बंद पडंल म्हणून घाबरले का त्यांनाच ऱ्हावलं नाय, उचलला. हॅलो म्हणले. तिकडं कोणी बोलंना, नुसता गाड्यांचा आवाज. परत हॅलो म्हणले. तिकडून श्वास ऐकू आला म्हणतात. मंग ह्यांनी तोंड उघडलं, माय म्हणायला, आन् शब्द बाहेर यायच्या आदी फोन कट.

बाहेर आले. फोन माझ्या ओल्या हातात दिला, म्हणले मी उचलला.

मी उलटा लावला, आता कोणाला भ्यायचंय. एका माणसानं उचलला. म्हणला मावशी मी नाशिकच्या बसस्टँडवर व्हतो, एका बाईनं मागितला, बोलली काय नाय, लगेच परत दिला आन् निघून गेली. मी म्हणलं दादा, लेकरू व्हतं का तिच्याजवळ? म्हणला व्हय, व्हतं की कडेवर, लाल टोपडं व्हतं, एवढंच आठवतं, माझी गाडी लागली, मी निघालो. मुलगा व्हता का मुलगी? म्हणला आता ते कसं सांगू मावशी. खरंच हाय, कसं सांगंल. कुठल्या गाडीत बसली ते बी नाय माहीत त्याला.

तर लेकरू झालं. तेवढं कळलं. पण तिला काय वाटलं असंल, माझा फोन आबांच्या हातात सापडला, आता काकांना कळलं, आता संपलं. त्यानंतर फोन नाय ताई. आज बी नाय. मी ह्यांना काय बोलू, बोलायला बी जीभ उचलत नाय, त्यांनाच एवढं लागलंय. आता फोनला हात लावत नाहीत. वाजला की लांबूनच वरडतात, कौसे, फोन! आन् भिंतीला टेकून उभे ऱ्हातात, माझ्या तोंडाकडं बघत. मी मान हालवली की परत खुर्चीत जाऊन बसतात. ह्यांचे भाऊ आले व्हते मधी, विचारत व्हते काय खबर. तर हे म्हणले, माझ्या पोरीचं नाव काढायचं नाय माझ्या दारात, चहा घ्या आन् निघा. आयुष्यात पहिल्यांदा बोलले भावापुढं. पण ते ऐकायला ती पाहिजे व्हती ना.

मी काय नशिबाला बोल लावत नाय. जिथं असंल तिथं सुखात ऱ्हावं, लेकराला दात आले असतील आता, बाळंतपणाचं अंग हाय, थंडीचं जपावं. तुम्ही हे लिहून घेऊ राहिल्या, छापणार म्हणता, तर नंबर छापू नका, तो तिला पाठ हाय. एवढंच लिहा. ज्योती, फोन तुझाच हाय, मोराचं पीस तसंच हाय, सिमची कंपनी बदलली पण नंबर तोच हाय. आन् फोन आबांनी उचलला तर लगेच कट करू नको. त्यांना बोलायला येळ लागतो, तुला तर माहीत हाय. जरा थांब.